जुन्या पेट्रोल जीपचे ॲव्हरेज : जेट बारीक करण्याआधी काय तपासावे?



आपल्या कार्यक्षेत्रात ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटारसायकली कितीही वाढल्या, तरी जुनी पेट्रोल जीप अजून बऱ्याच दारांत उभी आहे. पावसाळ्यात पाणंदीतून मळ्यात जायचे, विहिरीवरची मोटर दुरुस्तीला न्यायची, बेण्याच्या मोळ्या टाकायच्या, तोड चालू असताना फडावर दिवसातून दोन चकरा मारायच्या, या कामांना ही गाडी अजून हार जात नाही. तक्रार एकच असते : "गाडी लई पिते." आणि ही तक्रार घेऊन मालक गॅरेजात गेला की पुष्कळदा एकच उपाय सुचवला जातो : "जेट बारीक करून टाकू, पेट्रोल कमी लागंल."

हा उपाय पूर्वीही बरोबर नव्हता. आता तर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे तो सरळ नुकसानीचा झाला आहे. जेट बारीक केल्याने काही दिवस खर्च कमी दिसेलही; पण पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला की हेड खोलावे लागते आणि वाचवलेले सगळे पैसे त्यात जातात. गाडी जास्त पिते तेव्हा दोष बहुधा जेटात नसतो. तो कुठे असतो आणि कोणत्या क्रमाने शोधावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कोणती गाडी?

विलिज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला सुरू केली. पुढे त्यांतली सी.जे. ३ बी ही उंच बॉनेटची जीप आपल्याकडे गावोगाव पोचली. हा लेख लिहिताना तीच गाडी डोळ्यांपुढे धरली आहे. हिचे हरिकेन इंजिन चार सिलिंडरचे, २,१९९ सी.सी.चे आणि सुमारे ७५ अश्वशक्तीचे आहे. कॉम्प्रेशन ६.९ ला १, म्हणजे आजच्या मानाने फारच कमी. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, अशी याची विशेष रचना आहे. पुढे दिलेली मापे याच इंजिनाची आहेत. ज्यांच्या जीपला दुसरे इंजिन असेल त्यांनी मापे आपल्या गाडीच्या पुस्तकातली घ्यावीत. तपासणीचा क्रम मात्र सर्वांना सारखाच लागू आहे.

१) आधी मोजा, मग पाना हातात घ्या

"मागच्या महिन्यात पाच हजाराचं पेट्रोल गेलं" हे मोजमाप नव्हे. सपाट जागी गाडी उभी करून टाकी तोंडापर्यंत भरावी, मीटर लिहून घ्यावे, नेहमीची कामे करीत दीड-दोनशे किलोमीटर चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर, त्याच जागी तितकीच भरावी. जीपची टाकी सीटखाली एका अंगाला असते. त्यामुळे गाडी कलती उभी असली तर एक-दोन लिटरचा फरक सहज पडतो. असे तीनदा करून सरासरी काढावी.

मीटरही तपासून घ्यावे. मूळचे ६.००-१६ टायर काढून ७.५०-१६ बसवले असतील, तर चाक मोठे झाल्याने मीटर प्रत्यक्ष अंतरापेक्षा दहा-बारा टक्के कमी दाखवते. म्हणजे गाडी प्रत्यक्षात जास्त पळालेली असते आणि आपण तिला उगाच बोल लावतो. हमरस्त्यावरच्या दहा किलोमीटरच्या दगडांवरून मीटर ताडून पाहावे. जुन्या मीटरवर आकडे मैलाचे असतात, हेही विसरू नये. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर.

आता हिशेब पाहा. महिन्याला ४०० किलोमीटर चालणारी जीप लिटरला ६ किलोमीटर देत असेल तर ६७ लिटर लागतात, ८ दिले तर ५० आणि १० दिले तर ४०. म्हणजे ६ वरून ८ वर आणल्याने १७ लिटर वाचतात आणि ८ वरून १० वर आणल्याने १० लिटर. जी गाडी सर्वांत जास्त पिते तिच्यावर केलेली मेहनत सर्वांत लवकर फळाला येते. शंभर रुपये लिटर धरले तरी पहिल्या फरकाचे वर्षाला वीस हजार होतात.

२) गाडी मोकळी फिरते का?

इंजिनाला हात लावण्याआधी चाकांकडे पाहावे. सपाट डांबरी रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून ढकलून पाहावी. एका धट्ट्याकट्ट्या गड्याने ती हलली पाहिजे. दोघे लागत असतील तर कुठेतरी अडकते आहे असे समजावे.

पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवून, गाडी आपोआप थांबू द्यावी आणि चारही चाकांचे ड्रम हाताच्या पाठीने अंदाजाने पाहावेत. एखादा ड्रम चटका देण्याइतका तापला असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. तो अर्धवट ओढलेला राहिला तर चाके थंड आणि तो ड्रम गरम, असा प्रकार होतो. तिथेही पाहावे.

पुढची चाके समोरच्या बाजूने मागच्यापेक्षा किंचित, साधारण १/१६ इंच, आत असावीत. टायरच्या नक्षीच्या कडा करवतीसारख्या झिजल्या असतील तर अलाइनमेंट बिघडले आहे हे नक्की. हवा सकाळी टायर थंड असताना मोजावी. फडात चिखलासाठी हवा कमी केली असेल तर डांबरीवर येताच पुन्हा भरावी. मऊ टायरने चालणारी गाडी म्हणजे सतत चढावर चालणारी गाडी.

फोरव्हीलचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर कधीही टाकू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मधे डिफरन्शियल नसल्याने तो ताण शाफ्ट, गिअर आणि टायरवर येतो. पेट्रोल जाते आणि गिअरही जातात. चिखल किंवा भुसभुशीत सरी संपली की दांडा काढावा.

३) ठिणगी आणि व्हॉल्व्ह

कारखान्याच्या बॉयलरचे उदाहरण घेऊ. बगॅस तेवढाच, पण ओला असला किंवा हवा नीट मिळाली नाही, तर धुराड्यातून काळा धूर निघतो आणि वाफ पडते. तेव्हा कोणी "बगॅस कमी टाका" म्हणत नाही. "आधी जाळ नीट करा" म्हणतात. इंजिनाचेही तसेच आहे. आत गेलेले पेट्रोल पूर्ण आणि वेळेवर जळत नसेल, तर ते कमी देऊन उपयोग नाही.

प्लग हे इंजिनाचे आतले वर्तमान सांगतात. चार-पाच किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवून, इंजिन रिकामे फिरू न देता बंद करावे आणि प्लग काढून टोक पाहावे. बिस्किटासारखा तपकिरी रंग असला तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलसर तेलकट काळे असेल तर ऑइल वर येते आहे, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले. पांढराफटक रंग असला तर मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हा शेवटचा रंग ध्यानात ठेवावा, त्याकडे पुढे यायचे आहे.

प्लगची गॅप ०.०३० इंच आणि पॉइंटची ०.०२० इंच ठेवावी. पत्ती किंवा पोस्टकार्ड घालून अंदाजाने करू नये; फिलर गेज महाग नसतो. आधी पॉइंटची गॅप आणि मग टायमिंग, हा क्रम मोडू नये, कारण गॅप बदलली की टायमिंग आपोआप सरकते. टायमिंग टी.डी.सी.च्या ५ अंश आधी असावे. टायमिंग मागे पडले तर इंजिन तापते, पिकअप जातो आणि ड्रायव्हर जास्त रेस देतो. डिस्ट्रिब्यूटरच्या आत वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी छोटी वजने असतात. वर्षानुवर्षे तेल न मिळाल्याने ती जाम होतात. रोटर बोटाने फिरवून सोडला तर तो स्प्रिंगने परत आला पाहिजे. नाही आला तर रिकाम्या फिरण्याला टायमिंग बरोबर दिसेल, पण रस्त्यावर गाडी मेलेली राहील.

टॅपेटची गॅप इंजिन थंड असताना इनटेकला ०.०१८ इंच आणि एक्झॉस्टला ०.०१६ इंच. इथे एक नेहमीची हयगय होते. इनटेकचे टॅपेट वरचे झाकण काढले की दिसतात, म्हणून ते केले जातात. एक्झॉस्टचे टॅपेट इंजिनाच्या बगलेच्या झाकणाआड, मॅनिफोल्डखाली आहेत. तिथे हात नीट जात नाही, म्हणून ते तसेच सोडले जातात. एक्झॉस्टची गॅप संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. जळता वायू फटीतून निघत राहतो आणि व्हॉल्व्हची कडा जळते. "टॅपेट केलेत" असे कोणी म्हटले तर "आठही केलेत का?" असे विचारावे.

शेवटी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने पाहावे : इंजिन गरम, सर्व प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० पौंडांहून अधिक फरक असेल, तर ॲव्हरेजचा विचार पुढे ढकलून आधी इंजिन दुरुस्त करावे.

४) थर्मोस्टॅट आणि एअर फिल्टर

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे झाकण. पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की ते उघडते. ते नसले तर हिवाळ्याच्या पहाटे, म्हणजे ऐन गळीत हंगामात, इंजिन बराच वेळ गार राहते. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, चोक जास्त वेळ ओढलेला राहतो आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली जाते. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करावा, फॅनचा पट्टा आणि वॉटर पंप पाहावा. थर्मोस्टॅट जागेवर ठेवावा.

एअर फिल्टर ऑइलचा आहे. खालच्या भांड्यात खुणेपर्यंत ऑइल असते आणि धूळ त्यात बसते. तोडीच्या दिवसांत पाणंदीची धूळ आणि पाचटाचा भुसा इतका उडतो की महिन्याने फिल्टर साफ करून भागत नाही. आठवड्याला भांडे काढून पाहावे. तळाला गाळ साचला असेल तर ऑइल बदलावे. खुणेच्या वर मात्र ऑइल भरू नये, ते ओढले जाते. कोंदलेला फिल्टर म्हणजे सतत अर्धा ओढलेला चोक.

५) आता कार्बोरेटर

इतके सगळे झाल्यावर कार्बोरेटरची पाळी येते. इथेही जेटाला हात लावण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चोक. चोकची दांडी आत ढकलल्यावर कार्बोरेटरमधली पत्ती पूर्ण उभी होते का, हे फिल्टरची नळी काढून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. केबल गंजली असेल तर पत्ती तिरपी राहते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

दुसरी, फ्लोट आणि सुई. सुईची बैठक झिजली किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले तर भांड्याची पातळी वाढते आणि पेट्रोल ओसंडते. कार्बोरेटर बाहेरून ओला, इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा वास, गरम असताना चालू व्हायला त्रास, ही त्याची लक्षणे.

तिसरी, मीटरिंग रॉड. ज्या जीपला कार्टर वाय.एफ. कार्बोरेटर आहे त्यात जेटाच्या भोकात एक निमुळती सळई असते. साध्या चालीत इंजिनाची ओढ एका पडद्यामार्फत ही सळई खाली धरते आणि पेट्रोल आवरते. पडदा फाटला की सळई वर राहते आणि गाडी सदासर्वकाळ चढावर चालल्यासारखी पिते. दहा वेळा जेट बदलले तरी हा दोष जात नाही. पडदा बदलला की जातो.

चौथी, जेट तारेने साफ करण्याची सवय. जेट पितळेचे असते आणि त्याचे भोक मोजून पाडलेले असते. पोलादी तार चार वेळा घातली की भोक मोठे होते. जेट पेट्रोलात भिजवून हवेच्या दाबाने साफ करावे. आधीच तार घातली गेली असेल तर मूळ मापाचे नवे जेट घालावे.

रिकाम्या फिरण्याचे मिश्रण व्हॅक्यूम गेज लावून जुळवणे उत्तम. समुद्रकाठी चांगल्या इंजिनाचा काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. कोल्हापूर-सांगलीचा भाग सुमारे १,८०० फुटांवर असल्याने तिथे दोन इंच कमी दिसले तर तो दोष समजू नये. काटा थरथरत असेल तर मात्र ठिणगी किंवा व्हॉल्व्हकडे परत जावे.

६) इथेनॉल : आपल्याच उसाचे, पण गाडी जुनी

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाला, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन आपल्या राज्यातली. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. देशाने २०२२ मध्ये १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला. उसाची मळी, उसाचा रस आणि मका-धान्य यांपासून हे इथेनॉल होते. यात साखर कारखान्यांचे आणि ऊस उत्पादकांचे हित आहे, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. पण १ एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे रबर, नळ्या आणि धातू हे ई-२० ला टिकतील असे बनवले आहेत. आपली जीप त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणून तीन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट उष्णतेची. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, लिटरभर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे ई-२० च्या लिटरमध्ये ३० च्या जवळपास. ही घट सहा-सात टक्के भरते. लिटरला १० किलोमीटर देणारी जीप सव्वानऊ-साडेनऊवर आली तर ते इंधनामुळे, असे समजून सोडून द्यावे. सहा-सातवर आली असेल तर दोष गाडीत आहे. तो इथेनॉलच्या माथी मारू नये आणि दुरुस्ती टाळू नये.

दुसरी गोष्ट हवेची, आणि जेटाचा मुद्दा इथेच येतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. ई-२० ला साधारण साडेतेरा किलो पुरते. नव्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बोरेटरला असे डोळे नाहीत. त्याचे जेट पूर्वीच्या पेट्रोलच्या मापाचे, म्हणून ई-२० वर मिश्रण आपोआपच पातळ होते. त्यात आणखी जेट बारीक केले, तर आधीच उपाशी असलेल्याच्या ताटातली भाकरी काढल्यासारखे होते. प्लग पांढरे पडतात, पिकअप देताना गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून शिंका येतात, इंजिन तापते. मग ड्रायव्हर ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, अधूनमधून चोक ओढतो आणि शेवटी पेट्रोलही वाचत नाही. पातळ मिश्रण सावकाश जळते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही जाळ शिल्लक असतो आणि तो व्हॉल्व्ह जळू लागतो.

तेव्हा वरची सर्व तपासणी करूनही प्लग पांढरेच येत असतील, तर जेट बारीक नव्हे, एक नंबर मोठे घालावे आणि प्लगचा रंग पुन्हा पाहावा. ऐकायला उलटे वाटेल. पण मिश्रण योग्य झाले की गाडी कमी रेसवर तेच काम करते.

तिसरी गोष्ट रबराची आणि पाण्याची. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. टाकी सीटखाली आणि पाइप इंजिनाजवळ असलेल्या गाडीत हा केवळ ॲव्हरेजचा प्रश्न नाही, आगीचा आहे. नळ्या आणि पडदे ई-२० ला चालणारे आहेत अशी खात्री करून नवे घालावेत. हा खर्च टाळू नये. जुन्या टाकीतला चिकटा आणि गंज इथेनॉलने सुटतो आणि पुढे येतो. म्हणून पहिले काही महिने पंपावरची काचेची वाटी आणि फिल्टर वारंवार साफ करावेत.

इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पाइप तळातूनच ओढतो. शंका आली तर तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवावे. दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नये. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहावे आणि फ्लोटचे भांडे रिकामे करून ठेवावे.

एक इशारा द्यावासा वाटतो. डिस्टिलरीचे स्पिरिट मिळाले तर ते टाकीत घालावे, असा विचार कोणी करू नये. मिश्रणासाठीचे इथेनॉल निर्जल, ९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध असते. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये सुमारे ५ टक्के पाणी असते. ते टाकीत गेले की वर सांगितलेले दोन थर झालेच समजा. शिवाय कायद्याने तो गुन्हा होतो तो वेगळाच.

७) चालवण्याची रीत

या इंजिनाची सर्वांत जास्त ओढ मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर मिळते. ६.००-१६ टायर आणि ५.३८ चा डिफरन्शियल धरला तर टॉप गिअरमध्ये या फेऱ्यांना गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असते. ८० ला फेऱ्या सव्वातीन हजारांवर जातात. त्यातच जीपची काच सरळ उभी आणि हूड कापडाचा. वेग दुप्पट झाला की वारा चौपटीने अडवतो. पी.सी.आर.ए. या संस्थेनेही काटकसरीचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच सांगितला आहे. जीपला तो तंतोतंत लागू पडतो.

वजनकाट्यावर किंवा गव्हाणीपाशी रांगेत इंजिन चालू ठेवून गप्पा मारू नयेत. घाट उतरताना न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. त्याने थेंबभर वाचेल, पण तापलेले ड्रम ब्रेक ऐन वळणावर दगा देतील. घाट गिअरमध्येच उतरावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जास्त दराचे 'पॉवर' पेट्रोल घातल्याने फायदा होतो का? नाही. जास्त ऑक्टेनची गरज जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला असते. ६.९ च्या इंजिनाला साधे पेट्रोल पुरून उरते.

पाइपला लोहचुंबक, टाकीत गोळी किंवा मॅनिफोल्डला हवेचे भोक? चुंबक आणि गोळी यांचे पैसे वाया जातात. भोकाने मिश्रण आणखी पातळ होते, म्हणजे जेट बारीक करण्याचाच तो दुसरा प्रकार.

रॉकेल मिसळले तर? इंजिन ठोके मारते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगे जातात. हे कधीच करू नये.

गाडीची वही

शंभर पानी वही घेऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावी. प्रत्येक वेळी पेट्रोल भरले की तारीख, मीटर आणि लिटर लिहावे. टॅपेट, पॉइंट, प्लग आणि फिल्टर केव्हा केले तेही लिहावे. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुढच्या दोन टाक्यांचे ॲव्हरेज पाहून मगच दुसरी. सगळे एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चाचपडावे लागते.

क्रम थोडक्यात असा : मोजमाप, टायर व ब्रेक, प्लग-पॉइंट-टायमिंग, आठही टॅपेट, थर्मोस्टॅट व एअर फिल्टर, नळ्या व पडदे, चोक-फ्लोट-मीटरिंग रॉड, आणि सर्वांत शेवटी जेट. गळीत हंगाम सुरू होण्याच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, हा फेरा एकदा पुरा केला तर तोडीच्या गर्दीत गाडी दारात उभी राहणार नाही. गॅरेजात जाताना वही बरोबर न्यावी आणि मिस्त्रींच्या पुढे उघडून ठेवावी. आकडे समोर असले की काम नेमके सांगता येते आणि नको ते कामही टळते.